तांबूचं दुसरं वासरू

आधी चहा घ्या, गार होतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण आता सांगतोय ती माझीच फजिती आहे, आणि तीही एका गाईने केलेली. माणसाने केली असती तर इतकं मनाला लागलं नसतं!

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. शिंदखेड्याच्या अलीकडे आमचं गाव. नदीकाठाला चार एकर जमीन, तिथेच घर, घराला लागून गोठा. घरात आबा, म्हणजे माझे वडील, माय, आणि मी सुपडू. नावाला हसू नका. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव ठेवलं सुपडू. आमच्या खान्देशात गावागावात चार-चार सुपडू सापडतील. पण मॅट्रिक पास झालेला सुपडू गावात मी एकटाच होतो, आणि खरं सांगायचं तर सगळा रोग तिथेच होता.

मॅट्रिक झालो आणि आबांना म्हणालो, "आबा, गोठा माझ्याकडे द्या. मी शास्त्रीय पद्धतीने गुरं पाळतो."

आबा म्हणाले, "शेण पण शास्त्रीय पद्धतवरी उचलजो मंग." आणि फावडं माझ्या हातात देऊन मोकळे झाले.

आमच्याकडे तांबू नावाची एक गाय होती. गावरान, अंगाने बेताची, पण दुधाला चांगली. त्या वर्षी ऐन थंडीत ती व्याली. गोऱ्हा झाला. पण काय नशीब त्याचं, जन्मलाच अशक्त. मी माझ्या अंगावरच्या घोंगडीने त्याला खसाखसा पुसलं, छातीशी धरून ऊब दिली, तोंडात चीक पिळला. काही उपयोग झाला नाही. तासाभरात गेला बिचारा.

आता ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या गावरान गाई वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. तुम्ही काय वाट्टेल ते करा. सड ओढा, पेंड द्या, हातापाया पडा. दूध वर चढवून ठेवतील, पण थेंब देणार नाहीत. तांबू दिवसभर दाराकडे बघून हंबरायची. कास टम्म फुगलेली. हात लावला की लाथ.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या मळ्यातल्या जनाअक्काची गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. मागे एक वासरी राहिली. जनाअक्का साठीच्या पुढची बाई. एकटीने मळा सांभाळायची. गुरांमधलं तिला इतकं कळायचं की तालुक्याचे गुरांचे डॉक्टरसुद्धा आधी तिच्या ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि मग गावात औषध सांगायचे. ती वासरी खांद्यावर टाकून आमच्या दारात आली.

"सुपडू, तुन्ही गाय शे, मन्ही वासरी शे. दोन्हीस्नं भलं व्हई. लाव ती गायले."

"पण अक्का, तांबू परकं वासरू घेईल का?"

"घी. मी सांगस तसं कर. जी घोंगडीवरी तू ते मरेल वासरू पुसं, ती घोंगडी हिना पाठवर बांध. वरतीन मीठनं पानी लाव. गाय वास घी, चाटी, आनि तिले वाटी हाई मनंच शे. तीन दिन तू ध्यान ठेव. चौथे दिन घोंगडी काढ आनि बाजूले व्हय. समजनं?"

"समजलं," मी म्हणालो.

मला न समजायला काय झालं होतं? मॅट्रिक होतो ना!

मी वासरीच्या पाठीवर घोंगडी बांधली. मिठाचं पाणी तयार केलं. वासरी उड्या मारायची, त्या धडपडीत निम्मं पाणी माझ्याच डोक्यावर. तिला तांबूजवळ नेलं. तांबूने वास घेतला, दोन वेळा चाटलं, मला वाटलं झालं काम! तेवढ्यात वासरीने झटका दिला, घोंगडी खाली पडली, आणि तांबूने शिंगाने तिला असं ढकललं की ती गव्हाणीत जाऊन पडली.

संध्याकाळ होत आलेली. थंडी अशी की दात वाजत होते. डोक्यावरून पाणी निथळतंय. समोर घोंगडी पडलेली. आता तुम्हीच सांगा, माणूस काय करेल?

मी घोंगडी उचलली आणि स्वतःच्या अंगावर घेतली. म्हटलं, जरा ऊब येऊ दे, मग बांधू वासरीला.

तांबू पुढे झाली. माझ्या खांद्याचा वास घेतला. मग मानेचा. मग एक लांबलचक सुस्कारा सोडला आणि माझं डोकं चाटायला लागली!

गाईची जीभ काय असते माहीत आहे? पॉलिश पेपर! पण मी हललो नाही. कारण तिच्या सडांतून दुधाचे थेंब टपटप खाली पडायला लागले होते. पान्हा सुटला होता! मी हात लांब करून वासरीला ओढलं आणि तांबूच्या पोटालगत मागे कासेकडे लोटलं. वासरी अधाशासारखी पिऊ लागली. तांबूला पत्ताच नाही. ती आपली माझ्या कानाच्या मागे साफसफाई करतेय.

वासरी जगली. मी माझ्या हुशारीवर खूश.

चौथ्या दिवशी घोंगडी काढून बाजूला व्हायचं होतं. झालो का? नाही. कारण तोवर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की तांबूने मला वासरू मानलंय, आणि मी समोर नसलो तर वासरी उपाशी मरेल. मी घरात फर्मान काढलं, "मी नसताना वासरी कोणी सोडायची नाही. गाय मारेल तिला."

आबा म्हणाले, "एकडाव सोडीसन तं देख."

"आबा, तुम्हाला यातलं शास्त्र माहीत नाही."

आबा उठून वैरणीकडे गेले. त्यांची एक सवय होती. माणूस खड्ड्याकडे चालला की ते एकदाच सांगत, दुसऱ्यांदा नाही.

मग माझा दिवस कसा असायचा बघा. सकाळी उठायचं, घोंगडी पांघरायची, तांबूसमोर उकिडवं बसायचं. ती चाटणार, वासरी मागून पिणार. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. आंघोळ बंद, कारण वास जायला नको. बाजार बंद, भजन बंद, शेजारच्या गावी जाणं बंद. मानेची कातडी सोलून लाल झाली, कानावरचे केस गेले. गावातली माणसं कामधाम सोडून बघायला यायची. कुणी विचारायचं, "काय सुपडूभाऊ, पोटभर पिना का?" वासरीला नव्हे, मला!

असे वीसेक दिवस गेले असतील, आणि एका रात्री उशिरा माझा मामा आला. त्याला या वासरीच्या प्रकरणाचा काही पत्ता नव्हता. तो साक्रीकडचं एक स्थळ घेऊन आला होता. मुलीचे वडील श्रावणनाना. माणूस सरळ, शेती बरी, मुलगी सातवी पास, नाव अनसूया. त्यांनी मुलाला दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं.

मामा हातपाय धुवायला गेला तसा मी मायला म्हणालो, "मला जमणार नाही. वासरी..."

मायने डोक्याला हात लावला. "आंघोय कर आनि जाय! सांजले परत ये. वासरीना काय नखरा शे!"

मायच्या त्या आवाजापुढे कुणाचं काही चालत नसे. मी भल्या पहाटे, मामा उठायच्या आत, वासरीला पाजलं, आंघोळ केली, सोललेली मान दिसू नये म्हणून उपरणं गुंडाळलं, आणि मामाबरोबर सर्व्हिस मोटारीने निघालो. निघण्याआधी आबांना एका बाजूला घेऊन चार वेळा बजावलं, "संध्याकाळी मी येईपर्यंत वासरी सोडू नका."

श्रावणनानांच्या घरी पोहोचायला दुपार झाली. जेवण झालं, शेवभाजी आणि भाकरी, उत्तम. पण माझं लक्ष कशात होतं? सावली किती सरकली त्यात! त्या दिवशी साक्रीचा बाजार. मामाला बैल बघायचे होते, तो मुलीच्या काकाबरोबर बाजारात निघून गेला. ओट्यावर मी आणि श्रावणनाना. अनसूया चहा घेऊन आली. मी वर बघितलं असेन नसेन. ती दाराआड उभी राहिली.

श्रावणनाना म्हणाले, "आज मुक्काम करा. सकायले जा."

मुक्काम! मी चहा अर्धाच ठेवला.

"नाही, नाही नाना. मला निघायलाच हवं."

"कसाले? काय व्हयनं? चहा गोड नही का?"

आता मी पाहुण्यांसमोर जरा पुस्तकी भाषेत बोलायचो. मॅट्रिकची शोभा. तेवढंच नडलं. मी गंभीरपणे म्हणालो, "तसं नाही नाना. घरी एक दुधावरचं लेकरू आहे. ते सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे."

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. "लेकरू?"

"हो. पुरती महिन्याचीही झालेली नाही. आई मेली बिचारीची, व्या..." इथे मला वाटलं, पाहुण्यांसमोर व्याल्यावर म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून शब्द सुधारला. "म्हणजे, बाळंतपणानंतर तिसऱ्याच दिवशी. आता मी जवळ बसल्याशिवाय ती दूध पीत नाही. सकाळी पाजून आलोय. आत्तापर्यंत भुकेने ओरडत असेल."

बोलता बोलता मी डोळे पुसले. खोटं नाही सांगत. वासरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

नानांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मामानी हाई सांगं नही आमले."

"मामाला कुठे माहीत आहे!" मी म्हणालो, पायात जोडा घातला, आणि मोटार गाठायला जो पळालो तो मागे बघितलंच नाही. दाराआडून बांगड्या वाजल्या एवढं कानावर आलं.

मोटार धुळ्यापर्यंतच मिळाली. पुढची निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सरकीच्या गाडीवर बसून गावात आलो. गाडीवानाने तीन वेळा विचारलं, "घरमा कोनी आजारी शे का?" वाटेत मी मनातल्या मनात वासरीसाठी खड्डासुद्धा खणून ठेवला होता.

तसाच गोठ्यात धावलो.

वासरी तांबूच्या पोटाला टेकून बसली होती. तोंडाला दुधाचा फेस. तांबू तिची पाठ चाटत होती. बाजूला आबा निवांत दाढीला हात लावून बसले होते.

"आबा! हे... हे कधी?"

"काल सांजले सोडी. गायनी एकडाव तुन्हासाठे इकडे तिकडे देखं. तू नही दिसना. मंग वासरीले चाटी. पाच मिनिट नही लागनात."

मी पुढे झालो. तांबूने माझ्याकडे बघितलं आणि शिंगं खाली केली. आंघोळ केली होती ना मी! ओळखच नाही. वीस दिवस जिने माझे कान चाटले, ती मला परका समजून मारायला उठली.

तेवढ्यात जनाअक्का कुंपणावरून वाकून म्हणाली, "अरे येड्या, तुले चौथे दिन बाजूले व्हय म्हनं व्हतं. गाय एकदिलनी. तू म्होरे बसनास तं ती तुलेच चाटी ना! तूच त्या वासरीले आडवा उना इतला दिन."

मी खाली बसलो. पण तुम्हाला वाटलं असेल, संपली फजिती. छे! ती तर आता मोटारीने यायची होती.

तिसऱ्या दिवशी श्रावणनाना, त्यांचा भाऊ आणि आमचा मामा असे तिघं गावात उतरले. मामाची दोन दिवस त्यांच्याकडे जी उलटतपासणी झाली होती, ती त्याने पुढे आयुष्यभर मला ऐकवली. "पोरगा बिजवर शे आनि तुम्ही लपाडं!" असं ते म्हणत होते. मामा आधी शपथा घेत होता. नंतर नंतर त्यालाही शंका यायला लागली. म्हणाला, "दिवाळीनंतर मी परवाच काय तो बहिणीकडे गेलो, तोही एका रात्रीपुरता, काय सांगता येतं!"

आमच्या घराआधी जनाअक्काचा मळा लागतो. ती विहिरीवर होती. आता पुढचं संभाषण मला मामाने सांगितलं, ते जसंच्या तसं सांगतो.

श्रावणनानांनी विचारलं, "अक्का, सुपडूना घरमा एक लहान लेकरू शे म्हने?"

त्या महिन्यात आख्ख्या गावाला दुसरा विषय नव्हता. जनाअक्काला वाटलं, हे वासरी बघायला आलेले आणखी तिघं. म्हणाली, "शे ना. मीच दिन्ही त्याले."

"तुम्ही दिन्ही?"

"मंग! माय मरी गई तिन्ही. मन्हा हातपाय आते चालतस का? मी सुपडूले म्हनं, तू सांभाय."

"म्हनजे पोर त्यानी नही?"

"त्यानी कशी व्हई!" जनाअक्का हसली.

नानांनी भावाकडे बघितलं. मग आवाज खाली करून विचारलं, "मंग बाप कोन?"

"बाप सरकारी शे."

"सरकारी?"

"तालुकाले ऱ्हास. उंच, गोरा, मोठा खानदानी. तठे सरकार त्याले खावाप्यावाले देस. आमना गावन्या तीन-चार पोरी त्यान्याच शेतीस."

मामा सांगतो, श्रावणनानांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, आणि पुन्हा घातली. सरकारने तालुक्याला जातिवंत वळू ठेवलेला असतो, हे त्या क्षणी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कोण साहेब उभा राहिला असेल, देव जाणे.

ते आमच्या ओट्यावर आले तेव्हा मी उठून भिंतीला टेकलो. मला वाटलं, चहा टाकून पळालो म्हणून आता जोडे पडणार. पण श्रावणनाना पुढे आले आणि त्यांनी चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला. डोळे ओले.

"सुपडूभाऊ, मी तुमले चुकीना समजनू. मन्ही पोर दाराआडेतीन बठ्ठं आयकी ऱ्हायंती. घरमा मी रागे भरनू तं ती म्हने, 'बाबा, जो मानूस लेकरूसाठे चहा टाकीसन पयस, तो मानूस चांगला शे. लेकरू मी सांभायसू.' आनि आते तं समजनं, पोर तुन्ही सोतानी बी नही. दुसरान्या पापनं लेकरू तू पदरमा लिधं. तुन्हासारखा मानूस भेटाव नही. दखाडा, कोठे शे ते लेकरू?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी आभाळाकडे बघितलं.

"गोठ्यात आहे," मी म्हणालो.

"गोठामा?" नाना दचकले. "इतली थंडीमा? लहान लेकरूले?"

काय करणार? उठलो आणि तिघांना घेऊन गेलो. वासरीने आम्हाला बघून शेपटी वर केली आणि एक उडी मारली. तांबूने माझ्याकडे बघून नेहमीसारखी शिंगं खाली केली.

श्रावणनानांनी वासरीकडे बघितलं, मग माझ्या मानेकडे, कारण घाईत उपरणं घ्यायचं राहिलं होतं आणि सोललेली कातडी उघडी होती. "हाई काय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. घोंगडी, मिठाचं पाणी, वीस दिवसांचं उकिडवं बसणं, आणि मामाने बाप कोण ते विचारलं तेव्हा तालुक्याच्या वळूचंही. लपवायला उरलं होतं काय?

नानांचा भाऊ भिंतीला धरून हसत होता. मामा रडत होता की हसत होता ते मला आजही सांगता येणार नाही. श्रावणनाना मात्र हसले नाहीत. ते विचार करत होते. शेवटी म्हणाले,

"सुपडूभाऊ, खरं सांगू? तू बिजवर ऱ्हाता, पदरमा लेकरू ऱ्हातं, तरी मी पोर देवाले तयार व्हतू. पन जो मानूस वीस दिन सोतालेच वासरू समजस, त्याना घरमा पोर द्यावानी म्हनजे... जरा इचार करना पडी."

आणि माय पोहे घेऊन येईपर्यंत ते थांबलेही नाहीत. निघून गेले.

आठ दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आबांनी फावडं माझ्या हातातून काढून घेतलं. शास्त्राचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही.

नवव्या दिवशी मामा आला. चेहऱ्यावर हसू. म्हणाला, "नाना तयार व्हत नव्हतात. पन पोरनीच हो म्हनं. फक्त तिन्ही एक अट शे."

"कोणती?" मी विचारलं.

"गोठा ती देखी. तू गोठामा पाय ठेवाना नही."

मी अट मान्य केली. माझ्यापेक्षा आधी आबांनी मान्य केली.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली. अनसूयेने त्या गोठ्यात एकेक करून डझनभर वासरं मोठी केली, एकही उपाशी राहिलं नाही. मी अजूनही गोठ्याच्या दाराशी उभा राहून विचारतो, "आत येऊ का? काही मदत लागेल?"

आतून ती म्हणते, "नको. गाय पान्हवली शे, उगाच तिले बुचकयामा नका टाकू."